कान तपासणाऱ्या बाईंची इटालियन गाडी

रुग्णालयात कान तपासणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’च म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्या एका बंद खोलीत बसून लोकांच्या कानांवर हेडफोन चढवत आल्या होत्या. बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच समोरच्याचं काम. ऐकू न येता उगाच बटण दाबणारा बाईंच्या हातून कधी सुटला नाही.

बावन्नाव्या वर्षी या बाईंनी चाळीस वर्षं जुनी इटालियन गाडी घेतली. दिसायला साधी, चौकोनी, चार दारांची. पण हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या दोन कार्ब्युरेटरांचं तिचं इंजिन असं काही गुरगुरायचं की रुग्णालयातल्या म्हाताऱ्या सर्जननी ती विकायला काढली त्याच दिवशी बाईंनी सौदा पक्का केला. यजमानांना हवी होती नवी, छोटी, शहाणी गाडी. “या वयात कसली ही हौस,” म्हणाले. नवऱ्यांना स्वतःच्या हौशीच्या वेळी वय आठवत नाही, ते असो.

गाडीचे नखरे होतेच. तेल गळायचं, काच अर्ध्यात अडकायची, थंडीत तिची मनधरणी करावी लागायची. बाई कुरकुरत, पण मनातून खूश असत. मग एकदा गाडी सर्व्हिसिंगला गेली आणि परत आली ती मुकी होऊन. चढावर धापा टाकायची, आणि आवाजातला तो खालचा सूरच गायब.

“आवाज बदललाय,” बाई म्हणाल्या.

“भास होतोय तुला,” यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

मिस्त्रीचंही तेच. “होती तशीच आहे, ताई.”

तिसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा यजमान हसले. “एकदा कान तपासून घे की. घरचंच दुकान आहे.”

हे मात्र बाईंना लागलं. दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि आपल्याच हाताखालच्या मुलीकडून तपासून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ होता, पण मन स्वच्छ होईना. त्या प्रत्येक पेशंटला दोनदा तपासू लागल्या. आपला कान गेला तर आपल्याकडे उरलं काय, हा विचार पाठ सोडेना.

बॉनेट उघडून बघावं हे त्यांना तीन आठवडे सुचलंच नाही. ऐकणं आपलं काम, बघणं मिस्त्रीचं, अशी त्यांची समजूत. शेवटी पाणी भरायला बॉनेट उघडलं, तर दोन कार्ब्युरेटरांच्या जागी एकच, नवाकोरा, चिमुकला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तडक गॅरेजवर गेल्या, तेव्हा मिस्त्रीने बाकाखालचा डबा ओढला. जुने दोन्ही त्यातच होते. “साहेबच म्हणाले, बाईमाणूस आहे, गाडी जरा मवाळ करून टाक. आणि बोलू नकोस म्हणाले.”

“गाडी कोणाच्या नावावर आहे?”

मिस्त्री पाना शोधू लागला. जुने कार्ब्युरेटर बसेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. दोन्ही सारखीच हवा ओढतात का, हे तो रबरी नळी कानाला लावून बघत होता. “झालं,” म्हणाला. बाईंनी नळी ओढून घेतली. “डावा जास्त ओढतोय.” त्याने स्क्रू फिरवला. “अजून.” सहाव्यांदा दोन्ही सूर एक झाले, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ संतापाचं.

घरी यजमान जेवायला बसले होते.

“काळजीपोटीच केलं गं,” सगळं उघडकीला आल्यावर ते म्हणाले. “तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?”

“गाडीचं मी सोडून दिलं असतं,” बाई म्हणाल्या. “पण कान तपासून आले, रिपोर्ट तुमच्या हातात दिला, तेव्हा काय म्हणालात, आठवतंय?”

यजमानांना आठवत होतं. मशीनच जुनं झालं असेल, असं म्हणाले होते ते.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी मला बहिरी ठरवलंत,” बाई म्हणाल्या. “आता तुमच्या काळजीचीच भीती वाटते मला.”