मानेमागची फुलं

देवाच्या हाराचा जो भाग मानेमागे जातो तिथं सगळे दबलेली, बारकी फुलं ओवतात. ताराआक्का तिथंही टपोरा झेंडूच ओवायच्या. त्यांचा मळा आमच्या बांधाला लागून. गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या फुलबाजारात आम्ही शेजारी बसायचो. एकदा मी म्हणालो, आक्का, मागचं कोण बघतंय? सुई न थांबवता म्हणाल्या, "मी बघते ना, नाना. मी काय आंधळी हाय?"

मी तिसरी शिकलेला माणूस, पण अंगठा कधी उठवला नाही. आक्का मात्र सत्तरीत अक्षरं शिकल्या. शाळेत म्हाताऱ्यांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शेवटी परीक्षा. पास-नापासावर कुणाचं काही अडत नव्हतं, पण गुरुजींना सगळे पास दाखवायचे होते. त्यांनी उत्तरं फळ्यावर लिहिली. मी खिडकीशी उभा होतो. बाकीचे उतरवत होते आणि ही बाई फळ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून लिहीत बसली.

बाकी सगळे पास झाले. आक्का वजाबाकीत गेल्या.

मी बांधावर होतो तेव्हा गुरुजी आक्कांच्या मळ्यात आले. म्हणाले, थोडे गुण वाढवून टाकतो, कुणाला कळणार नाही. आक्का फुलं तोडतच बोलल्या, "नापास माझं हाय, गुरुजी. त्याला हात लावायचा नाय. पुढल्या खेपेला माझी मी पास होईन." गुरुजींची पाठ वळली तशी मला म्हणाल्या, ते हातचा घ्यायचं नीट दाखवा. त्या दिवसापासून संध्याकाळी फुलं भरून झाली की आमची वजाबाकी चालायची. चुकल्या की माझ्यावरच चिडायच्या.

पुढली खेप यायच्या आत, ऐन थंडीत त्या गेल्या.

दशक्रियेला आपल्याकडे भाषणं होतातच. गुरुजी माईकवर म्हणाले, आक्का या वयात परीक्षा पास झाल्या. लोकांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाला पास करायला कुणाचं काय जातं? मी उठलो. पोरगा सदरा ओढत होता, नाना, बसा. नाही बसलो. माईक घेतला.

"ताराआक्का नापास झाल्या होत्या. पण त्या दिवशी परीक्षा दिली ती त्यांनी एकटीनं. बाकीच्यांनी फळ्यावरचं उतरवलं."

पास झालेले समोरच बसले होते. एकजण पुटपुटला, ही काय जागा आहे का बोलायची. मग कुठली आहे?

फोटोचा हार मीच केला होता. ज्याला मागची फुलं बघायची असतील त्यानं उठून बघावीत.