मुलाखतीतलं लंडन

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर आमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. समोरच्या भिंतीवर लंडनचा मोठा नकाशा लावलेला होता. पंखा जोरात लावला की तो फडफडायचा आणि सरांचं बोलणं ऐकू यायचं नाही. सर स्वतः लंडनला कधी गेले नव्हते. ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "पण इंग्रजी शिकायची तर इंग्रजांच्या राजधानीत हिंडत हिंडत शिकायची," असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला एक ठिकाण. मधोमध उघडणारा पूल झाला, राजवाड्याचं फाटक झालं, घड्याळाचा मनोरा झाला, मग नदीकाठचा जुना किल्ला. ठिकाणाचं वर्णन पाठ करायचं आणि आपण गाईड आहोत असं समजून ते उभं राहून म्हणायचं.

आम्ही मखमलाबादकडचे. झेंडू आणि गुलाब करतो. पहाटे तोडणी, मग फुलबाजार, आणि संध्याकाळी हात धुऊन आम्ही नवराबायको स्कूटरवर लंडनला. मी चाळिशी ओलांडलेली, बायको माझ्यापेक्षा थोडी लहान. एवढ्या वयात आम्ही बाकावर जाऊन बसलो ते मुलीसाठी. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली एकुलती एक. गावातली शाळा चौथीपर्यंतच, आणि पाचवीला तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं आम्ही ठरवलं होतं. त्या शाळेत मुलाबरोबर आईबापांशीही बोलतात, आणि इंग्रजीतच बोलतात, हे बाजारातल्या एका गिऱ्हाइकाने आम्हाला सांगितलं. अशी मुलाखत घ्यायला म्हणे परवानगी नाही. म्हणून शाळा तिला मुलाखत म्हणत नाही, 'इंटरॅक्शन' म्हणते. पोराच्या प्रवेशासाठी बापाच्या तोंडाची परीक्षा घ्यायची आणि वर तिला गप्पांचं नाव द्यायचं. मला तेव्हाच राग यायला हवा होता. तेव्हा मला फक्त भीती वाटली.

किल्ल्याच्या आठवड्यात सरांनी सांगितलं, की तिथे राजाचा मुकुट आणि जडजवाहीर ठेवलेलं आहे, आणि डोमकावळे पाळलेले आहेत. ते कावळे किल्ला सोडून गेले तर राज्य बुडतं अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. बायकोने हात वर केला.

"सर, म्हणजे त्यांच्यातबी कावळा शिवावा लागतो का?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, राजाचा दहावा लंडनला नाय घालत."

"मग कावळे कशाला सांभाळत्यात? काहीतरी असंल ना त्यांच्या वाडवडिलांचं."

"ताई, आपलं इथलं मध्ये आणू नका," सर म्हणाले. "त्याने गोंधळ होतो. पुस्तकात आहे तेवढंच म्हणा."

तिच्या प्रश्नात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवून आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे होतो आणि कावळा काही शिवत नव्हता. शेवटी तिनेच पुढे होऊन हात जोडले आणि म्हणाली, "आबा, नात शिकंल. तिची काळजी करू नका." त्यानंतर कावळा आला. कावळ्याविषयी तिला बोलायचं होतं ते हे होतं.

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसून माझ्या कानात स्वतःच जुळवलेलं इंग्रजी म्हणायला लागली. इन नाशिक क्रो इज फ्री. वुई पुट राइस. वुई वेट. ओल्ड फादर इज कमिंग.

मी म्हणालो, "अगं, पुस्तकात नाही ते म्हणू नको. सवय लागंल."

"पुस्तकातल्या लोकांना मी वळखत नाय," ती म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी टेबलामागे दोन मॅडम आणि एक सर होते. शिपायाने आम्हाला पाणी दिलं ते मराठीत, "बसा दादा, टेकून बसा," असं म्हणून. तो दार लावून गेला आणि मराठी बंद झाली. मोठ्या मॅडमनी इंग्रजीत बायकोला विचारलं, की तुमच्या शहरातली एखादी जागा आम्हाला दाखवा.

तिने साडीचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली. कम टू रामकुंड. पीपल आर कमिंग फ्रॉम फार. दे पुट राइस फॉर डेड फादर. दे वेट फॉर क्रो. इंग्रजी मोडकं असेल, पण मॅडम तिचा हात धरून कुंडापर्यंत पोचल्या असत्या. मात्र त्यांनी भुवई वर केली. दुसऱ्या मॅडम मोबाइलमध्ये बघायला लागल्या. प्रवेश हातचा चालला, असं मला वाटलं.

मी तिला मध्येच तोडलं. म्हणालो, "सॉरी मॅडम. शी मीन्स लंडन."

आणि घडाघडा किल्ला म्हणून दाखवला. मुकुट, जवाहीर, खंदक, पहारेकरी, पंख छाटलेले डोमकावळे. नाशिकची जागा विचारली होती आणि मी थेम्सच्या काठावर उभा होतो. थांबता येईना. मला इंग्रजीत दुसरं शहरच येत नव्हतं.

कुणीही हरकत घेतली नाही. "व्हेरी नाइस," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मुलीला विचारलं तर तिने उघडणारा पूल म्हटला, कारण रोज जेवताना मीच तो तिच्याकडून घोटून घेतला होता. तिलाही "व्हेरी गुड, बेटा" मिळालं. मग मॅडमनी प्रवेश झाल्याचं सांगितलं. घरात इंग्रजीच बोला असंही सांगितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, पालकसभेला तुम्हीच येत जा, आईंना अजून थोडं तयार करावं लागेल. बायको शेजारीच बसलेली होती. मी शिकलो तेवढंच इंग्रजी तीही शिकली होती, तिला सगळं कळलं.

मी म्हणालो, "येस मॅडम. थँक यू मॅडम."

फाटकाबाहेर तिने विचारलं, "झालं ना तिचं?"

"झालं."

"मग बरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून ती क्लासला आली नाही.

मला कशाचा राग आहे ते नीट सांगायचं तर त्या खोलीपासून सांगावं लागेल. खोलीतल्या प्रत्येकाला मराठी येत होती. मोठ्या मॅडम 'बेटा' म्हणाल्या त्या स्वरात आमच्या बाजारातली बाई भाव सांगते. असल्या माणसांनी असल्या माणसांना परकं व्हायला लावायचं आणि जो जास्त परका होईल त्याला आत घ्यायचं. क्लासच्या सरांचाही राग आहे. मला खंदकाला इंग्रजी शब्द येतो, बांधाला येत नाही. मुकुट येतो, रोप येत नाही. माझी बायको आपल्या गावावर इंग्रजी चढवू पाहत होती, तर तेही तिला करू दिलं नाही. पण सर फक्त म्हणाले होते, की मध्ये आणू नका. ज्या खोलीत तिला बोलायला सांगितलं होतं, तिथे तिला गप्प करणारा मी होतो. हा राग दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

शाळा सुरू झाली. घरात इंग्रजी सुरू झाली, म्हणजे मी आणि मुलगी बोलायचो आणि बायको वाढायची. पूर्वी संध्याकाळी दोघी झेंडूच्या माळा ओवत बसायच्या तेव्हा पोरगी शाळेतली सगळी भांडणं अभिनयासकट सांगायची. आता ती मुकाट ओवायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तर ती आईला हळूच विचारत होती, "पप्पा नसले की तुझ्याशी बोललं तर चालतं ना?"

मी पाणी न पिता बाहेर आलो.

पहिल्या पालकसभेला एकटा गेलो. वर्गशिक्षिका तरुण होत्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की तुमची मुलगी बोलतच नाही. वर्गात नाही, डबा खातानाही नाही. तिला समजायला वेळ लागतो का? घरी पण अशीच आहे का?

इंग्रजीत उत्तर शोधत बसलो असतो तर तिथेच संध्याकाळ झाली असती. मी मराठीत म्हणालो, "मॅडम, ती मंद नाहीये. ती आमच्या आळीतली सगळ्यात बोलकी पोरगी होती. तिला गप्प केलंय. थोडं तुम्ही, जास्त मी."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग वर, कोपऱ्यात. "हळू बोला सर," त्या म्हणाल्या. "वर कॅमेरा हाये."

'हाये' त्यांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी ओठ मिटले. माझा राग क्षणभर कुठे ठेवावा ते मला कळेना. त्या पोरीची नोकरी त्या कॅमेऱ्याखाली होती.

"तिच्या आईला का नाही आणलं?" त्यांनी हळू विचारलं.

"तुमच्या मोठ्या मॅडमनी नको सांगितलं. आणि मी हो म्हणालो."

"शनिवारी घेऊन या. वर्ग रिकामा असतो. मला तिच्या आईशी बोलायचंय."

घरी आलो तेव्हा दोघी ओट्यावर माळा ओवत होत्या. मी मुलीच्या देखत सगळं मराठीत सांगितलं. शाळेत काय म्हणाले, मी काय म्हणालो. मुलाखतीत तुला तोडलं ती माझी चूक होती, हेही सांगितलं. बायकोने सुईवरून नजर उचलली नाही.

"मी नाय येणार. तिथं मला बोलू कोण देणार, तुम्ही?"

"मी बाहेर थांबतो."

"बाहेर कशाला?" ती म्हणाली. "आत बसा. फक्त गप बसा."

पोरगी फसकन हसली. मग आईच्या मांडीला टेकून तिने विचारलं, "आई, तू मॅडमना माझं काय काय सांगणार?" आणि उत्तराची वाट न पाहता, डब्यावरून झालेलं एक भांडण सांगायला लागली. ते पुष्कळ लांबलं. त्यातली मला एकही पोरगी ओळखीची नव्हती. या सगळ्या त्या वर्गात होत्या आणि माझी मुलगी त्यांच्याबद्दल एक शब्दही घरात बोलली नव्हती.

परवा शनिवार आहे. मी शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे आणि विचारलं तरी बोलणार नाही.