हाताला झेपेल असं पिस्तूल

डेल्बर्ट रिग्जची कंबर पिस्तुलाशिवाय मी दोनदाच पाहिली. एकदा नदीत, नातीच्या बाप्तिस्म्याला ते छातीभर पाण्यात उतरले तेव्हा, आणि एकदा लिटल रॉकच्या इस्पितळात, डोक्याची तपासणी करायच्या नळीत त्यांना सरकवलं तेव्हा. तिथे मीच गाडीने घेऊन गेले होते. पिस्तूल गाडीत ठेवायला लागलं, तर सबंध वेळ उजवा हात कमरेवर चाचपत बसले होते. एरवी चर्च असो, लग्न असो की परसातला मका काढणं असो, शर्टाखाली पंचेचाळीस असायचंच.

पंचेचाळीस म्हणजे जाड गोळीचं पिस्तूल. नऊ म्हणजे त्याहून बारीक गोळीचं, पण एका वेळी जास्त गोळ्या मावणारं. बास, एवढंच. पण या एवढ्याशा फरकावर आमच्या गावातल्या बाप्यांनी आयुष्यं काढली. रोज सकाळी लोनी ब्रॅकनच्या बंदुकांच्या दुकानात कॉफीचं भांडं चढायचं आणि तोच वाद परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी शेजारच्या औषधाच्या दुकानात कामाला. मधली भिंत लाकडी. ऐकून ऐकून कान किटले माझे.

"नऊ म्हणजे नुसतं घसा खाकरणं," डेल्बर्ट म्हणायचे. "त्याने माणूस थांबतो होय?"

"आणि तुझ्या पंचेचाळीसात गोळ्या सात," लोनी म्हणायचा. "चोर आठ आले तर आठव्याचं काय करशील? बिस्किट देशील खायला?"

"याच्या ओपलचं बिस्किट असेल तर तो जागच्या जागी आडवा होईल," पर्व्हिस टॉलिव्हर म्हणायचा. हा पर्व्हिस जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेला, डेल्बर्टचा शाळेपासूनचा दोस्त.

चोर म्हणाल तर आमच्या रस्त्यावर रकून नावाचं जनावर सोडून कधी कुणी फिरकलं नाही. तेसुद्धा कचऱ्याच्या डब्यापुरतं.

डेल्बर्ट माणूस मात्र सोन्यासारखा. विजेच्या खांबांवर चढण्यात उभी हयात गेलेली. बर्फाच्या वादळात अख्खा जिल्हा अंधारात असला की हा गडी खांबावर. मी इथे नवी आले त्या हिवाळ्यात माझी वीज गेली, तर काम आटोपून परतताना दारात लाकडाची मोळी टाकून गेले. सकाळी त्यांची बायको ओपल, इथल्या रीतीने मिस ओपल, मक्याचा पाव घेऊन आली. "इथे रडायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायचं," म्हणाली, "तिथे शेगडी पेटलेली असते." मी गेले, रडले, आणि बत्तीस वर्षं जातच राहिले. तिला मी मिस ओपलच म्हणत आले, अहोजाहोही केलं, पण मनात ती नेहमी अगंतुगंचीच होती.

मग डेल्बर्टचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते. चर्चमधून घरी येताना पिकअप नाल्यात घातली आणि आत बसून शांतपणे रेडिओ ऐकत होते. त्यानंतर लोनी आणि पर्व्हिस टोप्या हातात घेऊन घरी आले. डेल्बर्टनी निमूटपणे गाडीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. पर्व्हिस बाहेर अंगणात जाऊन मुलासारखा रडला. सगळं गाव म्हणालं, बरं केलंत, उगाच कुणाच्या जिवावर बेतलं असतं.

कमरेच्या पिस्तुलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हा ते तसं निरुपद्रवी होतं, हे फक्त मिस ओपलला ठाऊक होतं. तिने मला सांगितलं ते मटार सोलताना. पंचेचाळीसचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही, आणि डेल्बर्टच्या संधिवाताच्या बोटांना तो आता ओढवत नव्हता. "म्हणजे नुसतं लोखंड आहे गं ते," ती म्हणाली. "कमरेला वजन लागतं त्यांना. राहू दे. रात्री त्याचं गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवते मी, सवय म्हणून."

पण ही गोष्ट सरावाच्या मैदानावर लोनीच्या डोळ्यांना दिसली. डेल्बर्ट ओढतायत, घाम फुटलाय, आणि ते हलत नाहीये. लोनी आणि पर्व्हिसच्या काळजाचं पाणी झालं. दोस्तासाठी काहीतरी करायलाच हवं. मग पुढचे काही आठवडे भिंतीपलीकडे दुसरं काही नाही, हाच खल. नऊ द्यावं का? त्याचाही झटका बसेल. मग आखूड नऊ? गोळी तेवढीच, पण दारू कमी, झटका कमी, वरचा भाग लोण्यासारखा सरकतो. पण आखूड नऊने माणूस थांबेल का? या एका प्रश्नावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. डेल्बर्टला कुणाला थांबवायची वेळ आली तर ते नेमकं कुणाला थांबवतील, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वाढदिवसाला ते पिस्तूल लाल फीत बांधून आलं. डेल्बर्टनी अंगणातच वरचा भाग मागे ओढला. पहिल्या झटक्यात ओढला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती दिवसांनी हसले ते. मिस ओपलच्या हातात केकची सुरी होती, ती तशीच राहिली.

माझ्याच्याने राहवलं नाही. "अरे, ज्या माणसाला तुम्ही गाडी देत नाही, त्याला हे देता?"

लोनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी डेल्बर्टचा पाय कापा म्हणाले. "मीना, किल्ल्या घेतल्या आपण त्याच्या. आता हेही घ्यायचं? मग डेल्बर्ट उरला कुठे?"

"आणि आखूड नऊ आहे," पर्व्हिस समजुतीच्या स्वरात म्हणाला. "पंचेचाळीसाच्या मानाने काहीच नाही ते."

काहीच नाही म्हणे. डोंबल तुमचं.

शरद ऋतूत एकदा डेल्बर्टनी मला कुंपणाशी बोलावलं. आवाज अगदी हलका केला. "मीना, आमच्या घरात एक बाई शिरते."

"कोण बाई, मिस्टर डेल्बर्ट?"

"म्हातारी आहे. ओपलचे कपडे घालते. माझ्या ओपलचा एप्रन. मी अजून तिला काही बोललो नाही, ओपल घरी आली की बघू म्हटलं. पण ओपल येतच नाही." बोलताना उजवा हात कमरेवर होता.

तशीच लोनीच्या दुकानात गेले आणि शब्दन्‌शब्द सांगितला. तो काऊंटर पुसायचा थांबला. मग म्हणाला, "रविवारी चर्चनंतर येतो. पर्व्हिसला घेऊन. सरळ हिसकावून घेता येणार नाही, मीना, त्याचा अपमान होईल. साफ करून आणतो म्हणून नेऊ."

त्या दिवशी गुरुवार होता. "आज जा," मी म्हटलं.

"आज गेलो तर त्याला संशय येईल," लोनी म्हणाला. या माणसांना पाहुणचार आणि मानपान कधी सोडवला नाही, मग घरात साप निघालेला असला तरी.

मिस ओपलला मी सांगितलं. ती घाबरली नाही, की घाबरल्याचं दाखवलं नाही, देव जाणे. "मला विचारतात ते हल्ली," ती म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात? मी म्हणते, तुमच्याकडेच आलेय, बसू का? मग बसा म्हणतात. अजून तरी बसा म्हणतात."

"माझ्याकडे या झोपायला. रविवारपर्यंत."

"आणि त्यांना जेवायला कोण घालेल? हे नवं झोपतानाही कमरेचं काढत नाहीत, उद्या आंघोळीला गेले की मॅगझिन काढून ठेवते. चार दिवसांचा तर प्रश्न."

शुक्रवारी सकाळी ती कुंपणाशी आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा मोकळा होता. मॅगझिन पिठाच्या डब्यात खोल पुरलं होतं. "आता रिकामं आहे ते," ती म्हणाली. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आज दुपारी झोपणार आहे मस्त." मीही सुटकेचा निःश्वास टाकला. मला तरी त्यातलं काय कळत होतं!

त्याच दुपारी आवाज आला तेव्हा मी घरीच होते, जेवायच्या सुट्टीत. मोठा नव्हता. लाकडी फळी आपटावी तेवढा. धावत गेले तर मागच्या दारात वाळलेल्या कपड्यांची टोपली उलटलेली आणि मिस ओपल त्या कपड्यांवर कुशीवर पडलेली. डेल्बर्ट खुर्चीत बसले होते. पिस्तूल टेबलावर नीट ठेवलेलं, तोंड भिंतीकडे, शिकवतात तसं.

एक गोळी नळीत बसलेली होती. मॅगझिन काढलं तरी ती जागच्या जागी राहते. पंचेचाळीसात ती कधी नसायची, कारण त्यांच्या हातून तो वरचा भाग ओढलाच जायचा नाही, आणि मिस ओपलला त्याचीच सवय झाली होती. हे पिस्तूल त्यांच्या हाताला झेपत होतं. मित्रांनी निवडून निवडून तसंच आणलं होतं.

इस्पितळाच्या बाकावर लोनी आणि पर्व्हिस माझ्या शेजारी बसले होते. लोनी जमिनीकडे बघत पुटपुटत होता. "आखूड नऊ आहे. आखूड नऊने वाचतात माणसं. पंचेचाळीस असतं तर गोष्ट वेगळी." पर्व्हिस मान डोलवत होता. "वाचतात," तो म्हणाला. "बारीक गोळी आहे." मग लोनी, "हळू गोळी आहे." किती वेळ ते दोघं ते जपासारखं म्हणत होते. ओरडून गप्प करावंसं वाटत होतं, आणि खरं सांगते, मीही मनात तेच म्हणत होते. बारीक आहे, हळू आहे, देवा, बारीक आहे.

डॉक्टर बाहेर आली. तिने गोळीचं माप सांगितलं नाही. मिस ओपल गेली, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मी डेल्बर्टची औषधं पोचवायला गेले. शेरीफचा माणूस त्यांच्याजवळ व्हरांड्यात बसून होता. लिटल रॉकहून त्यांची मुलगी येईपर्यंत त्यांना घरीच ठेवलं होतं. मला पाहून ते उठून उभे राहिले, बाईमाणूस आलं की उठायचे तसे. किती तरी दिवसांनी चेहऱ्यावर काळजी नव्हती.

"मीना, ओपल भेटली तर तिला सांग," ते म्हणाले, "आता घरी यायला हरकत नाही. ती बाई परत येणार नाही."

"सांगते," मी म्हटलं, आणि गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.