अकरा बाळांची एक सीट

सीटवाल्या दादांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, वजनं राहत. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांच्या दुकानासमोरून मी भाजीची पिशवी घेऊन निघाले, की आतून हाक यायची, "काय बेटा, आमची सव्वासात किलो कशी आहे?" सव्वासात किलो म्हणजे माझी मुलगी चिनू. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. त्यांना वाटायचं, बाईंनी दुकानातून कसला तरी माल नेलाय. पुढच्या महिन्यात तीच हाक, "पावणेआठ झाली ना?" आणि दवाखान्याच्या काट्यावर चिनू पावणेआठच भरायची.

दादा सिंधी, साठीला टेकलेले, अंगाने चांगले भरदार. धंदा गाड्यांच्या सीटा शिवायचा. कुठल्याही परदेशी गाडीच्या कव्हराचा फोटो दाखवा, आठवड्यात तस्सं कव्हर हजर. शिवण मोजून घ्या, टाका इकडचा तिकडे सापडायचा नाही. बोलणं सिंधी, हिंदी, मराठी असं जे हाताला लागेल ते. दुकानात सगळा रेग्झीनचा वास, आणि भिंतीशी एक तागडी. सीटा शिवणाऱ्याला तागडी कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. उत्तरही त्याच दिवशी मिळालं.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला राहत होतो. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. यजमानांनी – त्यांना मी जन्मभर 'हे'च म्हणत आले – एक जुनी फियाट घेतली होती आणि दर रविवारी आम्ही बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वाटेवर माझ्या आईच्या गावी जायचो. चिनू तीन महिन्यांची. मांडीवर घेतलं की किंचाळायची, झोळीत घातलं की गप्प. म्हणून माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली, की गाडीतच झोळी बांधावी. जुन्या नऊवारीची झोळी मागच्या सीटवर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत टांगली आणि पोर गावापर्यंत ढाराढूर. सासूबाई खूश, आई खूश, आणि मी तर स्वतःवरच खूश. त्या काळी आमच्याकडच्या जीपगाड्यांतही लोक बिनदिक्कत झोळ्या टांगत. फक्त वरच्या कड्या डगमगायला लागल्या होत्या, म्हणून पक्के हुक बसवून घ्यायला आम्ही दादांकडे गेलो.

दादांनी झोळी पाहिली. माझ्या कडेवरच्या चिनूला पाहिलं. "किती किलो?"

"पावणेसहा."

"हुक लावून देतो. दोन मिनटाचा काम आहे. पण पहिले एक तमाशा बघ बेटा, मग सांग, लावू का नको."

त्यांनी शेजारच्या किराणावाल्याकडून तांदूळ आणून तागडीवर पावणेसहा किलो तोलले, कापडी पिशवीत भरून पिशवीचं तोंड शिवलं आणि ती पिशवी झोळीत निजवली. अगदी डोक्याखाली हात घालून. मग ह्यांच्या शेजारी बसले आणि बाजारामागच्या मोकळ्या रस्त्याला गाडी घ्यायला लावली. मी चिनूला घेऊन कडेला उभी. गाडी काही फार वेगात नव्हती; तीसच्या आसपास असेल. दादा ओरडले, "मार ब्रेक!" आणि ह्यांनी मारला.

पिशवी झोळीत राहिलीच नाही. दोन सीटांच्या मधून ती पुढे गेली, डॅशबोर्डवर आपटली आणि फुटली. मी धावत जाऊन पाहिलं तर ह्यांच्या मांडीवर, पायाशी, काचेपाशी, सगळीकडे तांदूळच तांदूळ. मी चिनूला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. दादा खाली उतरून शांतपणे म्हणाले, "आता बोल. हुक लावू?" त्या क्षणी मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, तो राग माझा माझ्यावरच होता.

त्यानंतर त्यांनी पोटमाळ्यावरून ती सीट काढली. त्यांची मुलगी पुष्पा अमेरिकेत असायची. तीन-चार वर्षांपूर्वी ती आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती, तेव्हा ही बाळाची सीट बरोबर आणली आणि पोरगा मोठा होतोय म्हणून इथेच ठेवून गेली. नातू गेला, सीट राहिली. जाड प्लॅस्टिकचं कवच, आत गादी, खांद्यावरून आणि पायांमधून येणारे पट्टे. दादांनी ती ओळखीपाळखीत फिरवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे पाळणा नाही का एका घरातून दुसऱ्या घरात जात, तशीच. कोणाकडे सहा महिने, कोणाकडे बाळंतिणीला माहेराहून सासरी पोचवण्यापुरती. चिनू त्या सीटवरचं अकरावं बाळ. आमच्याकडे मुक्कामाला असतानाही मधल्या दिवसांत ती सीट दोनदा आधीच्याच दहांतल्या बाळांना पोचवून आली.

पण सीट नुसती हातात देतील तर ते दादा कसले. त्या काळी आमच्या गाड्यांना मागे पट्टे नसायचे. दादांनी मुंबईहून नवा पट्टा मागवला, मागच्या सीटखालच्या पत्र्याला भोकं पाडली, खालून लोखंडी पट्टी देऊन नटबोल्ट आवळले. मग त्या एवढ्याशा सीटमध्ये आपला गुडघा रोवून, सगळं अंग टाकून पट्टा ओढला. चेहरा लालबुंद. ओढून झाल्यावर सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवायची आणि म्हणायचं, "हलते." परत सोडायचं, परत गुडघा. अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त हलली तर त्यांना मान्य नसे. चौथ्या खेपेला म्हणाले, "आता गाडी हलेल, ही नाही."

सीट बसवली ती मागे, आणि उलटी. म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. इथे आमच्या सासूबाई रणांगणात उतरल्या. "माझ्या नातीने काय जन्मभर मागे राहिलेलंच बघायचं का? आणि मी पुढे बसते की तिला मांडीवर घेऊन, पुढची जागा मानाची असते."

दादांनी हात जोडले. "आजी, मान कच्ची आहे तिची. मान! गाडी थांबली तर सगळा झटका पाठ घेईल, मान नाही घेणार. म्हणून उलटी. आणि पुढे तुम्ही बसा, तुमचा मान मोठा. तिला मागेच ठेवा." सासूबाई पुढे बसल्या, पण मागे वळून वळून टाळ्या वाजवत राहिल्या, पोरीला एकटं वाटू नये म्हणून.

दुसरी लढाई दुपट्याची. आमच्याकडे बाळ घराबाहेर काढायचं तर दुपट्यात करकचून गुंडाळून, वर टोपडं, वर शाल. मी तशीच गुंडाळलेली चिनू सीटमध्ये ठेवून वरून पट्टे लावले. दादांनी पट्टे न सोडता दुपटं खालून हळूच ओढून काढलं. पट्टे इतके ढिले झाले की त्यातून चिनूबरोबर आणखी एक चिनू मावली असती. "पहिले पट्टा, मग दुपटा," ते म्हणाले. "पट्टा अंगाला पायजे, कपड्याला नाय." खांद्याजवळ एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे, चिमटीत पट्टा येता कामा नये. हे त्यांनी माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. मी शाळेत शिकवते, पण इतक्या कडक परीक्षकाची गाठ मला पुन्हा पडली नाही. चिनू सहाव्या महिन्यात बसायला लागली तेव्हा मी म्हटलं, "आता तरी फिरवा ना सरळ." तर म्हणाले, "बसते तर घरी बसू दे. नऊ किलो होईपर्यंत फिरवणार नाय. तिकडच्या कागदावर लिहिलेलं आहे." इंग्रजीतला तो कागद त्यांनी शेजारच्या वकिलाकडून तीनदा वाचून घेतला होता.

एकदा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्यामागे लकडा लावला, की अशा शंभर सीटा बनव, बाहेरचा शिक्का मारू, हातोहात खपतील. दादांनी खरंच एक बनवली. हुबेहूब. मग तांदळाची दहा किलोची पिशवी तिच्यात बांधून माडीवरून खाली टाकली. कवच मधोमध तडकलं. व्यापारी म्हणाला, माडीवरून कोण टाकतंय पोराला? दादा त्याला म्हणाले, "कव्हरची नक्कल करतो मी. हाडाची नाय होत." त्या व्यापाऱ्याने पुढे दादांना काम देणंच बंद केलं.

आणि नाही म्हणायचं तर ते गरिबालाही म्हणत. बुवापाड्याचा एक टेम्पोवाला आला. बायको बाळंत होऊन वांगणीकडे माहेरी, बाळाला आणायचंय, सीट द्या. दादा स्वतः टेम्पो बघायला गेले. मागे सामानाची जागा, पुढे दोन माणसांची. गुडघा रोवून पाहिला, पट्टा फिरवून पाहिला. "बेटा, यात बसत नाय. खोटं बसवून दिली तर तुला वाटेल बाळ बांधलंय, आणि बांधलेलं नसेल. तू रेल्वेने आण." तो माणूस हिरमुसला. दादाही दिवसभर घुम्यासारखे बसून होते, हे मला त्यांच्या पत्नीने, काकींनी, सांगितलं.

चिनू वीस महिन्यांची असताना ते घडलं. नऊ किलो पुरे होऊन सीट सरळ झाली होती. आईकडून परत येताना बदलापूरच्या अलीकडे समोरच्या ट्रकने गच्चकन ब्रेक मारला, आणि आम्ही त्याच्या मागच्या फळ्यांत घुसलो. ह्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. मी मागे चिनूशेजारी. माझं तोंड पुढच्या सीटवर आपटून ओठ फाटला, एक दात हलला. काही सुचेना. मग चिनूचा आवाज आला. ती सीटमध्ये होती तिथेच होती आणि बिस्किट खाली पडलं म्हणून भोकाड पसरून रडत होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर लाल पट्टे उमटले होते. बाकी ओरखडा नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून तिचे ते लाल खांदे हाताने चाचपत राहिले, कितीतरी वेळ.

चार दिवसांनी मी सीट घेऊन दादांकडे गेले. तोंडाला टाके, हातात पेढ्यांचा पुडा. दादांनी आधी चिनूचे खांदे पाहिले. मग सीट उलटी केली, पालथी केली, नखाने चाचपली, उजेडात धरली. "काय दिसत नाय," ते म्हणाले.

"चांगली आहे ना?" मी म्हटलं.

"दिसत नाय तेच वाईट. एकदा झटका खाल्ला की आतून गेली ती. दुसरा झटका नाय घेणार." आणि त्यांनी कापड कापायची कात्री उचलली.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "दादा, मोडू नका. मला द्या. मी वापरणार नाही, देवाशपथ. नुसती घरात ठेवीन. हिनेच माझी पोर वाचवली."

ते म्हणाले, "तू ठेवशील. उद्या तुझी बहीण येईल पोर घेऊन. म्हणेल, ताई, आजच्या दिवस दे, इथून स्टेशनपर्यंत. चांगली तर दिसते. तेव्हा तू नाय म्हणशील?"

मी खूप विचार केला आणि मान खाली घातली. नसतंच म्हणता आलं मला.

दादांनी पट्टे कापले. एकेक, तुकडे तुकडे. मग कवच फरशीवर ठेवून त्यावर हातोडा घातला. आवाज ऐकून काकी आतून आल्या आणि दारातच थिजल्या. "दिवाळीला पुष्पा येणार ना धाकट्याला घेऊन," त्या म्हणाल्या. "तिला लिहिलंत, सीट आणू नको, इथे आहे. आता तो कशात बसणार?" तेव्हा मला कळलं, की ती सीट यापुढे त्यांच्याच नातवासाठी होती, ज्याला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. मला रडू कोसळलं. दादा हातोडा न थांबवता म्हणाले, "लिहितो तिला. नवी आण, जुनी तोडली." काकींनी खाली बसून कवचाचे तुकडे पदरात गोळा केले, आणि दादांनी ते त्यांच्याकडून घेऊन भंगाराच्या पोत्यात टाकले.

दादा गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझी धाकटी जाऊ दुबईहून पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. मैत्रिणीने दिलेली बाळाची सीट बरोबर होती. चकचकीत, जणू नवीच. माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बसवता येते ना?" मी विचारलं, ही आधी कोणाच्या गाडीत होती, कधी आपटली होती का? तिला माहीत नव्हतं. मैत्रिणीलाही नव्हतं. जाऊ म्हणाली, "अहो, इथून अंबरनाथ स्टेशनपर्यंत तर जायचंय." समोर सासूबाई होत्या, दीर होते, हे होते, सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी सीट खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही."