छत्तीस चौकोनांच्या आधीचे लोक

सिंगापुरात, तुआसच्या जहाजांच्या यार्डातून कामावरून सुटून बसमध्ये बसले होते, तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. “तुझे दादा गेले गं,” एवढंच म्हणाल्या. मनोहरदादांना, माझ्या मानलेल्या भावाला, जाऊन आता सहा आठवडे झाले. रडून झालं. राग मात्र उतरत नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

राग आहे शोकसभेतल्या एका वाक्याचा. आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, माणूस विद्वान, पण उमेदीची वर्षं कुठल्याशा अमेरिकन खेड्याचा इतिहास लिहिण्यात घालवली; आपल्या मातीसाठी चार ओळी लिहिल्या असत्या तर... समोरच्यांनी माना डोलावल्या.

दादा मातीचे संशोधक. इथे क्लेमेंटीत राहायचे, तिथल्याच विद्यापीठात काम करायचे. त्याआधी शिकायला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत होते. मातीचे नमुने घेत त्यांनी तिथली एक टाउनशिप, म्हणजे सरकारी मोजणीने आखलेला मुलूख, पायी पालथी घातली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद, पट्टी ठेवून आखलेले छत्तीस चौकोन. मका, सोयाबीन, दोन चर्च, रेल्वे गेल्यावर ओस पडलेलं स्टेशन. एक नदी तेवढी त्या रेघांना न जुमानता वाकडीतिकडी वाहते, हे सांगताना दादा खुलायचे. सिंगापुरात आल्यावरही सुट्टीच्या दिवशी ते तेच लिहीत बसत. कुठल्या चौकोनात कोण जर्मन कुटुंब उतरलं, कोणत्या वर्षी शाळा बंद पडली... आणि पहिलं प्रकरण होतं, चौकोन आखण्याआधी त्या नदीकाठी राहणाऱ्या आणि तिथून हाकलल्या गेलेल्या मूळ लोकांचं.

तिथल्या इतिहास समितीला पुस्तक आवडलं. टाउनशिपच्या वर्धापनदिनाला छापू म्हणाले, फक्त पहिलं प्रकरण काढा, आनंदाच्या प्रसंगी ते बरं दिसणार नाही. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी पिताना दादांनी हे सांगितलं, तेव्हा मीसुद्धा म्हटलं होतं, एका प्रकरणासाठी बाकीचं का अडकवता? त्या बोलण्याचाही राग आहे मला. माझाच.

दादांनी मग त्यांच्या गावाच्या स्मरणिकेची गोष्ट सांगितली. गावाने लेख मागवले, दादांनी भीमनगरवर बारा पानं पाठवली. विहीर कुणी खणली, गावच्या शाळेसाठी दगड कुणी वाहिले, आणि त्याच शाळेत त्यांची पोरं कुठे बसायची. स्मरणिका आली. देऊळ होतं, पाटलांचं घराणं होतं, गावाचा नकाशाही होता. तो ओढ्यापाशी संपत होता. भीमनगर ओढ्यापलीकडे. विचारल्यावर संपादक म्हणाले, पानं कमी पडली.

“आता मी तिकडे जाऊन त्या संपादकासारखं वागायचं का?” दादा म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता.

पुस्तक छापलं गेलं नाही.

शोकसभेत मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. मातीसाठी चार ओळी नाही, बारा पानं लिहिली होती. ती फेकणारे कोण, ते विचारा, असं मी म्हणाले. ते गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले, “ताई, आज हा विषय नको.” आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. म्हणजे पुन्हा जागा नव्हतीच.

गेल्या रविवारी क्लेमेंटीच्या फ्लॅटवर गेले. वहिनींनी दादांची खोली आवरलेली नाही. टेबलावर हस्तलिखिताचा गठ्ठा तसाच आहे, वर चष्मा. दादांची मुलगी मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली. गठ्ठ्यात समितीचं ते इंग्रजी पत्र होतं, टाइप केलेलं, सौम्य, सभ्य. ‘पहिलं प्रकरण वगळावं’ या ओळीशेजारी समासात दादांच्या अक्षरात निळ्या शाईने एकच शब्द होता. मराठीत.

मुक्ताला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. “बाबांनी काय लिहिलंय, आँटी?”

मी वाचून दाखवलं. “राहील.”