मच्छरदाणीत बसणारी अक्का

हॉस्पिटलात सुमतीअक्काला भेटायला गेले तेव्हा फळं, टॉवेल आणि तिच्या गोळ्यांची यादी घेऊन गेले होते. तिनं यातल्या कशाकडेच पाहिलं नाही. नाकातली नळी जराशी सरकवत ती म्हणाली, "सुई सापडली का गं?" अक्काला जाऊन आता पाच आठवडे झाले. तिची आठवण आली की आधी हा प्रश्नच ऐकू येतो...

पुण्याहून नोकरीसाठी आले आणि जयनगरातल्या तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून चौदा वर्षं राहिले. अक्काचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. सराफांकडून काळे मणी आणि वाट्या यायच्या आणि ती मंगळसूत्रं गाठवून द्यायची. हे काम ती भर दुपारी, दिवाणावर मच्छरदाणी लावून, तिच्या आत बसून करायची. मिरी नावाची काळी मांजर बाहेर, अक्का आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "अक्का, दुपारी कसले डास?" "डास नाही गं, मिरी. काम माझं आहे, तिला कशाला कोंडू? मीच कोंडून घेते."

राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझं केसांचं रबर दोन बोटांत धरून वर आली होती. "जिन्यात पडलेलं. हे खाऊन माझं मांजर गेलं, तर त्याच्या जागी तुला पाळीन." मग तिनं मला शिकवलं : कानातल्याची फिरकी, शिवणाचा दोरा, औषधाची गोळी, भेटवस्तूची चमकती रिबन, सगळं डब्यात आणि डब्याला झाकण. मी लगेच तक्ता करून, छापून तिच्या फ्रिजवर लावला. अक्का पोट धरून हसली. "यादीबाई, मिरीला वाचता येत नाही. झाकण लाव, झाकण!" तेव्हापासून मी यादीबाईच राहिले. एकदाच ती आपणहून आधीच्या मांजराबद्दल बोलली. त्याच्या तोंडातून दोरा लोंबत होता. "मला वाटलं, ओढला की सुटेल..." दोऱ्याचं एक टोक आत अडकलेलं असलं आणि आपण ओढलं, की आतडं चिरतं, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मच्छरदाणी त्यानंतर आली.

छातीत कळ आली तीही ती आत बसून मणी ओवत असतानाच. स्ट्रेचर घेऊन आलेल्यांनी घाईत मच्छरदाणी वर भिरकावली, मणी खोलीभर झाले. अक्काचा भाचा तिच्याबरोबर गेला. मी मिरीला वर नेऊन ठेवलं आणि खाली येऊन मणी वेचले. सुई काही मिळेना. खोलीचे चार भाग करून मी दोनदा झाडलं, लोहचुंबक फिरवला, गादी उलटी केली. म्हणून हॉस्पिटलात तिनं विचारलं तेव्हा, न झालेल्या कामापुढे कधी खूण न करणारी मी, सरळ म्हणाले, "सापडली."

"दोरा किती होता तिला?"

"होता... थोडासा."

"खोटं बोलायलाही स्वल्प तयारी लागते, यादीबाई. आता जमीन बघू नको, मिरीला बघ. सकाळी जेवली का?"

जेवली नव्हती. लाळही गळत होती, ते मी उन्हाळ्यावर ढकललं होतं. रिक्षा करून धावत घरी गेले आणि मिरीला पिंजऱ्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची जीभ उचलली, तर मुळाशी दोऱ्याचा वेढा. माझा हात आपसूक पुढे गेला... तो मी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. एक्स-रेमध्ये पोटात सुई स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी जिभेपाशी दोरा कापला, पोट उघडून उरलेला सुईसकट काढला. मिरी वाचली.

दुसऱ्या दिवशी बाटलीत घालून ते सगळं मी अक्काकडे नेलं. तिनं दोऱ्याचे दोन्ही तुकडे चादरीवर टोकाला टोक लावून ठेवले आणि मापले. "एक वीत, चार बोटं. एवढाच होता. आत काही राहिलं नाही." मग हळूच विचारलं, "तू ओढला नाहीस ना?"

"नाही अक्का."

"सरी, बरं केलंस," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ माझं मनगट धरून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मिरी आता माझ्याकडे असते. गेल्या आठवड्यात तिला तपासणीला नेलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कार्डावर मालकाचं नाव बदलायचं का? पत्ता बदलला की त्याच दिवशी बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे कळवणारी मी. म्हटलं, पुढच्या वेळी बघू. थोड्या वेळानं आतून हाक आली, "मिरी... सुमतीअक्का, बन्नी!"

"आले," म्हणत मी पिंजरा उचलला.