मूठभर पिवळी माती

लकवा मारल्यापासून बाबांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. उजवी बाजू गेलेली. समजायचं सगळं, पण ओठ नुसतेच हलायचे. आईनं जन्मभर 'जरा गप बसा की' म्हणून त्यांना दटावलं. आता तीच त्यांच्यासमोर बसून दिवसभर एकटी बोलायची आणि मधेच थांबून उत्तराची वाट बघायची. मला ते बघवत नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, त्यांना माणसांत न्या. शहरातल्या संग्रहालयात सोन्याचं प्रदर्शन लागलं होतं आणि तिथं चाकाची खुर्ची आत जाते असं कळलं, म्हणून तिथं गेलो. मला काडीची हौस नव्हती. सोनं म्हटल्यावर आईची कळी मात्र खुलली.

पहिल्या दालनात गारगोटीत अडकलेली सोन्याची शीर होती. आईला हळहळ वाटली, खुलताबादच्या रानात मेंढरांमागं फिरताना असले दगड पायाखाली लोळायचे, एखादा तरी फोडून बघायला हवा होता. पुढं जुनी नाणी, पैठणीची जर, अंतराळवीराच्या टोपाच्या काचेवरचा सोन्याचा मुलामा. मी पाट्या मोठ्यानं वाचत होते आणि बाबा जांभया देत होते. मला रागच आला.

शेवटच्या दालनात जुन्या चित्रकारांचे रंग मांडले होते. सोन्याची झळाळी दाखवायला ते पिवळी माती वापरत. तिची पूड एका परातीत उघडीच ठेवलेली, शेजारी 'हात लावू नये'ची पाटी. आम्ही धनगर. खंडोबा आमचं कुलदैवत, आणि परातीतली पिवळी पूड म्हणजे आमच्या लेखी भंडाराच. बाबांचा डावा हात पुढं गेला. 'बाबा, ती माती आहे' असं मी म्हणेपर्यंत त्यांनी मूठ भरून वर उधळलीसुद्धा.

"येळकोट येळकोट..."

आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ. पाटीकडं बोट दाखवत धावत आलेला पहारेकरी जागीच थांबला आणि सवयीनं म्हणाला, "जय मल्हार." त्याच्या टोपीवर पिवळा थर बसला होता. आई तिथंच फरशीवर बसून रडली. मीही रडले. मग माफी मागितली आणि ओढणीनं काचा पुसत बसले.

मॅडम म्हणाल्या, अंगवळणी पडलेले शब्द आधी परततात, तीच वाट धरा. रोज सकाळी आई हळदीचा डबा पुढं करू लागली. बाबा येळकोट करायचे, आम्ही जय मल्हार म्हणायचो. उशा-चादरी पिवळ्या झाल्या, पण बरेच दिवस गाडी त्यापुढं सरकेना. आई मात्र डबा भरतच राहिली.

मग एका सकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाय."

आई साखर घालायला विसरली होती. ती साखरेच्या डब्याकडं गेली नाही. त्यांच्याजवळ सरकली.

"काय म्हनले? पुन्हा म्हना की."

"साखर नाय," बाबा या वेळी चिडून म्हणाले.

तेव्हापासून आई त्यांचा पहिला चहा रोज बिनसाखरेचाच करते.